शमीवरची शस्त्रे आणि दुधनीचे रान

विराटनगरीत अज्ञातवासासाठी शिरण्यापूर्वी पांडवांपुढे एक अडचण उभी राहिली. गांडीवासारखी धनुष्ये घेऊन नगरात जावे तर ओळख पटणार, आणि टाकून द्यावीत तर वर्षानंतर हाती काही उरणार नाही. नगराबाहेर स्मशानाजवळ एका उंचवट्यावर शमीचा मोठा वृक्ष होता. नकुल त्यावर चढला, पावसाचे पाणी लागणार नाही अशा फांद्या त्याने निवडल्या आणि शस्त्रे दोरांनी घट्ट बांधून ठेवली. कोणी जवळ फिरकू नये म्हणून झाडाला एक प्रेतही टांगले, आणि ही आमची एकशे ऐंशी वर्षांची माता, असे वाटेतल्या गुराख्यांना सांगितले. विराटपर्वातील हा प्रसंग आपण कीर्तनातून अनेकदा ऐकलेला आहे. परंतु लपविणाऱ्याने झाड कसे वापरले, या दृष्टीने तो क्वचितच वाचला जातो. नकुलाने फांदी तोडली नाही, खोडात खाच पाडली नाही, मुळाशी खणले नाही. ज्या वृक्षाच्या भरवशावर आपले सर्वस्व ठेवावयाचे, तो वर्षभर उभा राहिला पाहिजे, हे त्याला पुरते कळत होते.

हे सारे आठवण्याचे निमित्त एक नवा खेळ आहे. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. एकाने रानात, डोंगरावर किंवा एखाद्या जुन्या वास्तूजवळ लहानशी डबी लपवावयाची, तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश जगाला कळवावयाचे, आणि इतरांनी उपग्रहाच्या साहाय्याने ती शोधून, आतील वहीत नाव लिहून, डबी होती तशी परत ठेवावयाची. या खेळाचा जन्मदिवस निश्चित सांगता येतो. अमेरिकेच्या उपग्रहांकडून सामान्य जनतेस मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम राखलेली अचूकतेची उणीव इ. स. २००० च्या मे महिन्याच्या आरंभी काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने एक बादली रानात ठेवून तिचा ठावठिकाणा प्रसिद्ध केला. आज जगभर अशा लाखो डब्या आहेत. त्याहून जुना एक प्रकार इंग्लंडातील डार्टमूरच्या माळावर १८५४ पासून चालत आला आहे. तेथे आडवाटेला ठेवलेल्या बाटलीत येणारे लोक आपल्या नावाची चिठ्ठी टाकीत.

खेळ निरुपद्रवी दिसतो, आणि बव्हंशी आहेही. पायांस चालणे घडते, डोळ्यांस रान दिसते. तथापि ज्या रानात हा शोध घ्यावयाचा, त्या रानातील रोपांचे काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. तो आपल्या भूमीवर ठेवून पाहावा, म्हणून मी दुधनी निवडली आहे.

सिल्वासाहून खानवेलमार्गे सुमारे चाळीस किलोमीटर गेले की दुधनी येते. दमणगंगा सह्याद्रीच्या नाशिककडील अंगातून निघून येथवर येते, आणि मधुबन धरणाने अडविलेले तिचे पाणी दुधनीच्या टेकड्यांच्या कुशीत पसरलेले दिसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या या जलाशयाखाली हवेलीतील शेते गेली, रानाचा काही भागही गेला. जे रान काठावर उरले त्यात साग आहे, खैर आहे, ऐन आहे, मोह आणि पळस आहेत. वस्ती प्रामुख्याने वारली, कोकणा आणि धोडिया या आदिवासींची. नौकाविहारासाठी शहरांतून मंडळी येतात, काठावर बसतात, टेकडीवर चढतात. डबी लपवावयाची झाली तर याहून मोहक जागा कोणती?

परंतु हवेलीच्या रानात काहीतरी शोधावयास येणारा हा पहिला पाहुणा नव्हे. या प्रदेशाचा आधुनिक इतिहासच मुळी एका बुडीत हिशेबातून सुरू होतो. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगीजांच्या सांताना नावाच्या लढाऊ जहाजाचे नुकसान केले. त्याच्या भरपाईपोटी आणि मैत्रीखातर पेशव्यांनी १७७९ च्या तहान्वये नगर हवेलीतील गावांचा बारा हजार रुपयांचा महसूल पोर्तुगीजांना लावून दिला, आणि १७८३ च्या जून महिन्यात हवेली त्यांच्या ताब्यात गेली. हे देणे केवळ सरंजामाचे होते, सार्वभौमत्वाचे नव्हे, असा निर्वाळा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० मध्ये दिला. तोपर्यंत, १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, दादरा आणि नगर हवेली मुक्त झालीही होती. त्या मुक्तिसंग्रामाची कथा आपल्या वाचकांस परिचित आहे. येथे मला तिच्याआधीची, झाडांची कथा सांगावयाची आहे.

एका जहाजाच्या बदल्यात जे रान मिळाले, त्यातून पोर्तुगीजांनी जहाजेच बांधली. हवेलीचा साग दमणच्या गोदीत जाई. ‘दोम फेर्नांदो सेगुंदो ए ग्लोरिया’ हे पन्नास तोफांचे जहाज याच सागाचे. ते १८४३ च्या ऑक्टोबर महिन्यात दमण येथे पाण्यात सोडले गेले, आणि १८४५ मध्ये गोव्याहून निघून लिस्बनला पोचले. पोर्तुगालच्या आरमारातील शिडांवर चालणारे हे अखेरचे युद्धजहाज होय. १९६३ च्या एप्रिलमध्ये टॅगस नदीत उभे असता ते आगीत जळाले, कित्येक वर्षे चिखलात पडून राहिले आणि पुढे १९९८ पर्यंत त्याची पुनर्बांधणी झाली. आज ते लिस्बनसमोरच्या काठावर प्रेक्षणीय वस्तू म्हणून उभे आहे. जहाजाचा प्रत्येक प्रवास नोंदलेला आहे. त्याच्यासाठी किती साग पडले, कोणत्या टेकडीवरचे पडले, याची आठवण मात्र कोणी जपली नाही. इतिहासात झाडांची गत बहुधा अशीच होते.

याच पार्श्वभूमीवर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे पाहावे. इ. स. १७१५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणी लाकडाविषयी स्पष्ट नियम आहेत. स्वराज्यातील अरण्यांत सागवानादी वृक्ष असतील, त्यांतून आवश्यक तेवढे परवानगीने तोडून आणावेत, उणे पडेल ते परमुलखातून विकत घ्यावे. आंबा, फणस हीही आरमाराच्या उपयोगाची झाडे खरी, परंतु त्यांना हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी जतन करून वाढविलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखास पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये. आरमार ही राज्याची निकडीची गरज. त्या गरजेपुढेही अमात्य झाडाच्या बाजूने उभे राहतात, आणि जबाबदारी कुऱ्हाड चालविणाऱ्या सुतारावर न टाकता हुकूम देणाऱ्यावर टाकतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता गुप्तधनाकडे वळू. रानात पुरलेल्या वस्तूचा शोध हा आपल्याकडील फार जुना नाद. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूगर्भातील पाणी ओळखण्याची जी विद्या दकार्गल नावाने सांगितली आहे, तीत झाडांच्या खुणांवरच सारा भर आहे. काटेरी झाडांत एखादे बिनकाट्याचे, किंवा बिनकाट्याच्या झाडांत काटेरी झाड आढळले तर तेथून पश्चिमेस तीन हातांवर खणावे, पाणी लागेल अथवा धन, असे तो म्हणतो. पाण्याबरोबर धनाचा हा सहज उल्लेख पुढील पिढ्यांच्या मनात भलताच रुजला. पांढऱ्या फुलांचा पळस दिसला की तेथे ठेवा असणार, अशी समजूत खेड्यापाड्यांत आजही ऐकू येते. असा पळस आधीच दुर्मिळ, त्यात तोच खणणाऱ्यांच्या नजरेत भरतो. निसर्गाने शंभरांत एकाला वेगळेपण द्यावे आणि माणसाने त्याचीच मुळे उघडी करावीत! सरकारने १८७८ च्या कायद्याने, दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास कलेक्टरास कळविण्याचे बंधन घातले. त्या कायद्यात ठेव्याची वाटणी कशी व्हावी याचा तपशील भरपूर आहे. ठेवा ज्याच्या मुळाशी सापडला त्या झाडाचा कोणी विचार केलेला नाही.

असा विचार आपल्याकडे कधी झालाच नाही, असे मात्र नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या उपवनांतील फुलाफळांच्या व सावलीच्या झाडांबद्दल दंडाची पायरी बांधून दिली आहे. कोवळा अंकुर तोडल्यास सहा पण, लहान फांदीस बारा, जाड फांदीस चोवीस, खोड कापल्यास पहिल्या प्रतीचा साहसदंड, आणि झाड समूळ उपटल्यास मधला. झुडपे व वेली यांना याच्या निम्मा दंड. सीमेवरील वृक्ष, चैत्यवृक्ष आणि राजवनातील वृक्ष यांना दुप्पट. अंकुरालाही दंड आहे, ही या यादीतील मोलाची बाब. अंकुर कोणाच्या दृष्टीस पडतो? खोड तोडणाऱ्याला आपण काय करतो हे ठाऊक असते, अंकुर तुडविणाऱ्याला आपण काही केले याची जाणीवसुद्धा नसते.

देवराईचा विचार याहूनही पुढे गेला. येथे पायऱ्यांचा दंड नाही, सरसकट मनाई आहे. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा बाहेर नाहीशा झालेल्या कित्येक वनस्पती या देवाच्या रानांत टिकून असल्याचे विद्वानांच्या ध्यानी आले. गोव्यात सत्तरी महालातील बांबर येथे निरंकाराची राय आहे. पाण्यात पाय रोवून उभे राहणारे रानजायफळाच्या कुळातील वृक्ष तेथे आढळतात. अशी पाणथळ जायफळवने आता फार थोडी उरली आहेत. देवाला आकार नाही, मूर्ती नाही, आणि त्याची राय मात्र उभी! आपल्या कोकणीत झाडाला ‘रूख’ म्हणतात. संस्कृत वृक्ष प्राकृतात रुक्ख झाला आणि तोच आपल्या घरात राहिला. भाषेने जे जपले ते बांबरच्या लोकांनी मातीत जपले, असे म्हणावयास हरकत नाही.

हवेलीतील आणि शेजारच्या डहाणू-जव्हारकडील वारल्यांच्या आचारातही असाच संयम दिसतो. पावसाळ्यात रानात उगवणारी पहिली कोवळी भाजी देवाला दाखविल्यावाचून खावयाची नाही, असा त्यांचा रिवाज. याला कोणी भोळेपणा म्हणोत, पहिल्या पावसाने वर काढलेल्या कोंबाला त्यामुळे थोडे दिवस मिळतात, ही गोष्ट खरी. आणि ज्या रानात बाहेरचा माणूस सहल म्हणून शिरतो, ते रान कोणाची तरी भाजी, औषध, सरपण आणि दैवत आहे, याची आठवण तेथे पाऊल टाकताना असावी.

वनस्पती शोधणे म्हणजे त्यांचा नाश करणे असे नव्हे, याचेही एक उत्तम उदाहरण आपल्या समाजाच्या इतिहासात आहे. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा जो बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला आणि जो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला, त्यासाठी वैद्य इट्टी अच्युतन याच्यासह रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट हे तीन कोकणी ब्राह्मण खपले. १६७५ सालचे त्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रशस्तिपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे व वर्णने तेथे आहेत. रानात शिरण्याआधी झाड ओळखावयास शिकलेली ही माणसे होती. आजच्या डबी शोधणाऱ्याच्या हातात त्यांच्यापाशी नव्हते असे यंत्र आहे. त्यांच्यापाशी असलेली ओळख मात्र बहुधा नाही.

पण दुसऱ्याच्या खेळाकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण देवळात जाणाऱ्या मंडळींनी आपल्या अंगणात पाहावे, हे बरे. रघुराजाकडे कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागावयास आला, आणि कुबेराने सोन्याचा वर्षाव केला. तो आपट्याच्या झाडावर झाला, असे आपली लोककथा सांगते. दसऱ्याला आपण सोने लुटतो ते यामुळे. वास्तविक पाहता हाही ठेव्याच्या शोधाचाच उत्सव आहे. सीमोल्लंघन करून झाडापाशी जावयाचे, त्याची पूजा करावयाची आणि चार पाने घरी आणावयाची. आज झाडच ओरबाडून बाजारात येते. फांद्याच्या फांद्या तोडून ढीग लावले जातात, आपटा पुरला नाही की त्याच्यासारख्या पानाचा कांचन तोडला जातो, आणि एकादशीच्या सकाळी ते सोने रस्त्यावर पायदळी पडलेले असते. गोव्यात चतुर्थीच्या माटोळीसाठी रानफळे आणावयाची चाल फार सुंदर. लेकरांना रानाची ओळख करून देणारी ती शाळाच होय. परंतु दुर्मिळ फळ आपल्याच माटोळीला हवे, या ईर्षेने वेल मुळासकट ओढला गेला, तर गणपतीपुढे आपण नेमके काय टांगले?

आता दुधनीच्या टेकडीवर परत येऊ. डबी शोधणारा आला की प्रत्यक्ष काय घडते? उपग्रहाचा संकेत दाट पानांखाली डळमळतो. दहा मीटरांची चूक सहज पडते. दहा मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे ३१४ चौरस मीटर, तीन गुंठ्यांहून थोडी अधिक जमीन. एवढ्या जागेतील प्रत्येक झुडूप चाळले जाते, प्रत्येक दगड उलटला जातो, सुटू पाहणारी साल उचकटली जाते. पुढे दुसरा येतो, त्याच्यामागून पाचवा, विसावा. तुडवणुकीवर वनस्पतिशास्त्रज्ञांनी जे प्रयोग केले आहेत, त्यांवरून असे दिसते की हानीचा मोठा भाग पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जातो. नंतरच्या पावलांना मोडावयास फारसे उरत नाही. म्हणून फार लोक येत नाहीत, हे समर्थन निरुपयोगी आहे. पावसाळ्यात तर माती भिजून मऊ असते, पायाखाली ती दाबली गेली की तिच्यातील हवेची व पाण्याची छिद्रे मिटतात, बी रुजत नाही, आणि उतारावरची पायवाट पाहता पाहता ओघळ बनते. त्याच दिवसांत शेवळे, मुसळी आणि जमिनीवरच्या आमरी डोके वर काढतात. डबी झाडाला तारेने बांधली तर खोड जसजसे जाड होते तसतशी तार सालीत रुतते, पानांनी तयार केलेले अन्न सालीतून मुळांकडे उतरते ते तेथे अडते, आणि झाड वरून हिरवे दिसत असता खालून उपाशी राहते.

या खेळाच्या चालकांनी नियम केलेले आहेत, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. डबीसाठी जमीन खणावयाची नाही, झाडाला इजा करावयाची नाही, जागेच्या मालकाची अनुमती घ्यावयाची. ज्यात डबीच नसते, केवळ भूरचना पाहून उत्तर द्यावयाचे असते, असाही एक प्रकार २००४ पासून चालू आहे, आणि नाजूक जागी तोच बरा. आपल्या देशात त्यावर कायद्याचीही बैठक आहे. दादरा नगर हवेलीत अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्यजीव या शब्दात त्यांच्या अधिवासातील वनस्पतीही अंतर्भूत आहेत. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून शिरताच येत नाही, तेव्हा डबी ठेवणे दूरच राहिले.

नियम आहेत, मग प्रश्न कोठे आहे? तो उत्तरदायित्वाच्या वाटणीत आहे. शंभर जणांनी एकेक पाऊल टाकले आणि एक रोप मेले, तर ते कोणी मारले? कौटिल्य दंड करतो तो तोडणाऱ्या हाताला. देवराईत सारा गाव उत्तरदायी असतो. अमात्य हुकूम देणाऱ्याला धरतात. माझ्या मते या खेळाला अमात्यांचे मोजमाप लावले पाहिजे. शोधणाऱ्याने जपून चालावे हे खरेच, परंतु त्याला त्या जागी बोलावतो कोण? लपविणारा. त्याने एक जागा निवडली आणि अनोळखी माणसांची वाट तेथून पाडली. डबी वाटेच्या कडेला खडकाच्या खोबणीत ठेवावयाची की झाडीच्या पोटात, पावसाळ्यात ती काढून घ्यावयाची की नाही, पहिल्या वर्षी पायवाट उमटू लागली तर जागा बदलावयाची की नाही, हे सारे त्याच्याच हाती असते. त्याने वर्षातून दोनदा तरी जाऊन आपल्या डबीभोवतीची माती पाहावी. जो एवढे करणार नाही, त्याने डबी ठेवू नये. ती जागा त्याला देणारा दुधनीचा कोणी वारली शेतकरी असेल, तर त्याला खेळ नीट समजावून सांगून, तो नाही म्हणाल्यास मुकाट्याने परतावे. अमात्यांनी धन्यास राजी करण्याची अट घातली ती राज्याच्या आरमारासाठी. खेळाला ती अधिकच लागू आहे.

विराटपर्वाकडे शेवटचे एकदा पाहतो. वर्ष सरत आले, कौरवांनी गाई वळविल्या, आणि बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने भेदरलेल्या उत्तराला त्या शमीवर चढविले. उत्तराने एकेक धनुष्य पाहून, हे कोणाचे, हे कोणाचे, असे विचारले, आणि अर्जुनाने एकेकाचे नाव सांगितले. मग युद्ध झाले, गाई सुटल्या. ज्याने कौरवसेना पिटाळली तो वीर त्यानंतर थेट नगरात गेला नाही. तो पुन्हा स्मशानाजवळच्या त्या शमीपाशी आला, भावांची शस्त्रे व भाते पूर्वी होते तसे त्याने झाडावर ठेवविले, आणि बृहन्नडा होऊन उत्तराचा रथ हाकीत तो नगराकडे निघाला.